पाणी, पेडल, पाय... आणि पुणं!

पोहणं, सायकल आणि धावणं... तिन्ही एकाच दमात! ट्रायथलॉनचा किडा चावलेल्यांना पुण्यात सरावाला जागा तरी कुठे? दीड वर्ष पहाटे उठून, आईची बोलणी खाऊन केलेला हा शोध.

पहाटेचे पावणेपाच. कोथरूडमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी मांजराच्या पावलांनी वावरतेय. एका खांद्याला सॅक, दुसऱ्या हातात हेल्मेट, तोंडात अर्धं केळं. दाराची कडी काढणार, इतक्यात स्वयंपाकघरातला दिवा लागतो.

‘आज पाणी की रस्ता?’

‘रस्ता. पानशेत रोड.’

‘बरं. पण धरणात उतरायचं नाही हं.’

गेलं दीड वर्ष आमच्याकडे सकाळ अशीच उजाडते. कारण? एका लग्नाच्या पंगतीत मी केलेला शहाणपणा! शेजारी बसलेला मित्र गोव्याच्या स्पर्धेबद्दल बोलत होता. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, तसंच उठून ९० किलोमीटर सायकल मारायची आणि वर २१.१ किलोमीटर धावायचं. सगळं मिळून साडेआठ तासांत. ‘त्यात काय एवढं?’ असं मी मठ्ठ्याचा घोट घेत म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्याने फॉर्मची लिंकच पाठवली.

माझी तेव्हाची अवस्था सांगते. मास कॉमची डिग्री, त्यात फ्रीलान्सर. म्हणजे ऑफिस एकही नाही, पण बॉस पाच! दिवसाचे दहा तास लॅपटॉपसमोर, मान आखडलेली. कधीतरी तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढले की तोच आठवड्याचा व्यायाम. तुमच्यापैकी अनेकांचं याहून फार वेगळं नसणार, खरं ना?

तर हा ट्रायथलॉन प्रकार तसा फार जुना नाही. १९७८ मध्ये हवाई बेटांवर १५ जण आयर्नमॅनसाठी पहिल्यांदा उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉन दाखल झालं. मिलिंद सोमणने २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली आणि आपल्याकडच्या ऑफिसांतल्या कँटीनमध्येही हा शब्द ऐकू यायला लागला. २०१९ मध्ये गोव्यात मिरामारला अर्ध्या अंतराची आयर्नमॅन पहिल्यांदा झाली. मग काय, परदेशाचं तिकीट काढायची गरजच उरली नाही!

पण स्पर्धा गोव्यात. सराव कुठे करायचा? तो तर इथेच करायला हवा, आपल्या या खोदलेल्या रस्त्यांच्या, तुंबलेल्या चौकांच्या पुण्यात.

पाय : टेकडी आपली आहे!

सुरुवात सगळ्यात सोप्यापासून केली. धावायला पुण्यासारखं शहर नाही, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकते. कारण पुण्याला टेकड्या आहेत.

माझी लाडकी वेताळ टेकडी. कोथरूडकडून चढा, लॉ कॉलेजकडून चढा, पाषाणकडून चढा, चतुःशृंगीकडून चढा... कुठूनही वर आलात की दहा मिनिटांत हॉर्नचा आवाज बंद. पायाखाली माती, त्यामुळे गुडघे डांबरापेक्षा कमी कुरकुरतात. जुन्या खाणीच्या बाजूला मोर हमखास दिसतो. हॅलो म्हणायला थांबलात तर तुमचं टायमिंग गेलंच म्हणून समजा! २०२३ मध्ये बालभारती ते पौड फाटा या प्रस्तावित रस्त्याविरोधात पुणेकर मोर्चाला उतरले, तेव्हा मीही होते. तोवर टेकडी म्हणजे माझ्यासाठी ‘व्ह्यू’ होता. तिच्यावर घाम गाळल्यावर ती घरची वाटायला लागली.

सपाट धावायचं तर पुणे विद्यापीठाचं आवार. झाडांची सावली, सकाळी फिरायला येणारे आजी-आजोबा. वेग वाढवायचा तर बालेवाडीच्या क्रीडासंकुलातला ट्रॅक. आणि पायांत ताकद भरायची असेल तर आपली पर्वती! १०३ पायऱ्या, वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर. पाचव्या फेरीला एक आजी मला म्हणाल्या, ‘अगं, नवस आहे का?’ मी हो म्हटलं. समजावून सांगण्याइतका श्वास होता कुठे?

पण एक गोष्ट मुलींसाठी स्पष्टच लिहायला हवी. टेकडी सुंदर आहे, म्हणून ती अंधारातही आपली आहे असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बोपदेव घाटात एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. त्या बातमीनंतर आमच्या घरात आठवडाभर पहाटेचा विषयच बंद होता. मला राग आला होता. आईचा नाही, त्या अंधाराचा. शेवटी आम्ही चार मुलींनी मिळून ग्रुप केला. उजाडल्याशिवाय टेकडी नाही, एकटीने तर नाहीच. मित्राला यातलं काहीच ठरवावं लागत नाही. तो बुटाच्या नाड्या बांधतो आणि निघतो. तेवढा फरक अजून आहे.

पेडल : सहाच्या आत घाटात!

एके काळी पुणं सायकलींचं शहर होतं, हे आपण शाळेपासून ऐकतोय. आता त्याच रस्त्यांवर सायकल चालवायची तर दोनच उपाय. एक, देवावर भरवसा. दोन, पहाटे लवकर निघणं. मी दुसरा निवडला.

माझा नेहमीचा रस्ता पानशेतचा. राजाराम पूल ओलांडून सिंहगड रोड पकडायचा, खडकवासल्याच्या धरणावरून पुढे जायचं आणि डोणज्याच्या फाट्यानंतर पाण्याच्या काठाकाठाने गोऱ्हे, खानापूर करत पानशेत. सतत थोडा चढ, थोडा उतार. उजव्या हाताला पाणी, समोर सिंहगड. हिवाळ्यात पाण्यावर धुकं असतं आणि बोटं ब्रेकवर आखडतात. जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर होतात, म्हणजे गोव्याच्या नव्वदची जवळजवळ पूर्ण रंगीत तालीम.

मांड्यांची परीक्षा घ्यायची असेल तर सिंहगडाचा घाट. गोळेवाडीच्या नाक्यापासून वरपर्यंत आठ-नऊ किलोमीटर आणि चढण सुमारे सहाशे मीटरची. पहिल्यांदा गेले तेव्हा मी तीनदा उतरले. तिसऱ्यांदा एका वळणावर सायकलला टेकून उभी होते, तेव्हा डोक्यावर दह्याची मडकी घेऊन गडावर निघालेल्या एक मावशी माझ्याकडे बघून हसल्या आणि न थांबता पुढे गेल्या. त्या रोज चढतात. त्यांना मेडल नाही, टी-शर्ट नाही. त्या दिवशी वर पोचल्यावर त्यांच्याच हातचं दही खाल्लं आणि ‘फिटनेस’ हा शब्द जरा जपून वापरायचं ठरवलं.

ज्यांना लांबचं हवंय त्यांच्यासाठी पिरंगुट, मुठा, टेमघर करत लवासाचा घाट आहे. चांदणी चौकाचा नवा उड्डाणपूल २०२३ मध्ये सुरू झाला तरी सायकलवाल्याने तिथे जीव मुठीतच धरायचा. जुना कात्रज घाट चढायला मस्त, पण पुढे हायवेला लागलात की ट्रकची सोबत. एकदा एक ट्रक इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्यानेच मी रस्त्याकडेच्या मातीत गेले. खरचटलं कोपराला, पण हात दोन दिवस थरथरत होते. तेव्हापासून हायवे बंद.

म्हणजे बघा, रस्ता तोच असतो. सकाळी साडेपाचला तो स्वर्ग असतो आणि साडेनऊला तोच नरक! पुण्यात सरावाची जागा शोधणं म्हणजे खरं तर वेळ शोधणं, हे मला इथे कळलं.

आणखी एक फंडा. सायकलवरून उतरल्या उतरल्या लगेच धावायचं. याला ‘ब्रिक’ म्हणतात. पहिली दहा मिनिटं पाय आपले नसतातच, कुणीतरी उसने दिलेले लाकडी पाय वाटतात. मी सोसायटीच्या गेटपाशी सायकल वॉचमनकाकांकडे देते आणि तशीच पळत सुटते. आता ते लांबूनच हात पुढे करून उभे असतात. स्पर्धेत सायकलीसाठी वेगळा कक्ष असतो म्हणे. माझा इथेच आहे!

पाणी : इथे अडलं घोडं

पाय आणि पेडल यांत मेहनत केली की फळ मिळतं. पाण्यात मेहनत केली की नाका-तोंडात पाणी मिळतं.

मला पोहता येत होतं. म्हणजे शाळेच्या सुट्टीत शिकलेलं, डोकं पाण्याबाहेर ठेवून, बेडकासारखं. टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग कठडा धरून गप्पा. १.९ किलोमीटर म्हणजे बालेवाडीच्या पन्नास मीटरच्या तलावात ३८ लांब्या. गोव्यात त्याला ७० मिनिटं मिळतात. पहिल्या दिवशी माझ्या दोन झाल्या. तिसरीला मध्यावर छाती भरून आली, पायाखाली काही लागेना आणि मी दोरी धरून लटकले.

तिथे रोज येणारे एक काका आहेत, बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘पाण्याशी मारामारी का करतेस?’ मग त्यांनीच शिकवलं. श्वास घेणं नव्हे, सोडणं महत्त्वाचं. तोंड पाण्यात असताना हळूहळू बुडबुडे सोडायचे, म्हणजे डोकं वळवल्यावर फक्त आत घ्यायचं उरतं. आपण घाबरलो की सोडायचंच विसरतो, छाती जुन्या हवेने भरलेली राहते आणि श्वास पुरत नाही असं वाटतं. एवढी साधी गोष्ट! तीन आठवडे मी फक्त बुडबुडे काढले. चार महिन्यांनी ३८ लांब्या झाल्या. काका म्हणाले, ‘आता मारामारी संपली. आता ओळख वाढव.’

पुण्यात तलाव तसे बरेच. डेक्कन जिमखान्याचा टिळक तलाव तर कित्येक घरांत आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी गाजवलेला. पण समुद्रात तळाला काळी रेघ नसते, कठडा नसतो आणि शेजारून शंभर जणांच्या लाथा बसतात. त्याचा सराव कुठे करायचा? पुण्याला समुद्र नाही. पण धरणं आहेत... खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. चहूकडे पाणीच पाणी.

आणि आईचा नियम मात्र एकच. धरणात उतरायचं नाही. का, ते तिने कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

‘पाणी दिसतं तसं नसतं’

एप्रिलमधला रविवार. आम्ही तिघं पानशेतहून परत येत होतो. ऊन चढलेलं, अंगावर मिठाचे पट्टे. गोऱ्ह्याच्या अलीकडे पाणी अगदी रस्त्याजवळ आलेलं, आरशासारखं. मित्राने सॅकमधून चक्क नारिंगी फ्लोट काढला, कमरेला बांधायचा. तयारीनेच आला होता! ‘आपण काही पिकनिकवाले नाही,’ तो म्हणाला. ‘आपल्याला दोन किलोमीटर पोहता येतं.’

खरंच येत होतं. आईचा नियम आठवला, पण मी बूट काढले.

‘ओ ताई! कुठं निघाला?’

मागे म्हशी घेऊन एक म्हातारे मामा उभे होते. आम्ही हसत सांगितलं, सराव करतोय, पोहता येतं आम्हाला. ते हसले नाहीत.

‘येतं म्हणणारीच लई बुडत्यात. न येणारा काठावर बसतो. गाळ हाय खाली, मांडीपतुर पाय जातो. आन् दोन पावलं पुढं एकदम खोल. पाणी दिसतं तसं नसतं.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘बुडलेल्यास्नी काढायला आमालाच बोलावत्यात. घरची माणसं हितं बसून ऱ्हात्यात. त्यांच्याकडं बघवत नाय.’

कुणीच काही बोललं नाही. मामांनी एका म्हशीला हाळी दिली आणि वळून पुन्हा म्हणाले, ‘आन् हेच पाणी तुमी पुण्यात पिता ना? मग त्यात पाय कशाला धुता? सायकलवर आलाय, सायकलवर जावा.’

आम्ही बूट घातले. फ्लोट सॅकमध्ये गेला. परतीच्या रस्त्यावर मला एकच गोष्ट टोचत होती. आम्ही तिघं तिथे थांबलोय हे जगात कुणालाही माहीत नव्हतं. काठावर कुणी नव्हतं, दोर नव्हता, होडी नव्हती. दोन किलोमीटर पोहता येत असल्याची फक्त घमेंड होती.

संध्याकाळी आईला सगळं सांगून टाकलं. ती भाजी निवडत होती. बराच वेळ निवडतच राहिली. मग म्हणाली, ‘आमच्या वाड्यात एक मुलगा होता. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बारावीचा पेपर संपल्यावर मित्रांबरोबर धरणावर गेला.’ एवढं बोलून थांबली. मग हळूच म्हणाली, ‘चांगला पोहायचा गं तो.’

त्या एका वाक्याने मला जे समजलं, ते दीड वर्षाच्या ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

मग समुद्राचं काय केलं?

सांगते. आधी टँकमध्येच समुद्र तयार केला. म्हणजे काकांच्या युक्त्या! एकाच पट्ट्यात तिघा-चौघांनी चिकटून पोहायचं, हात-पाय लागले तरी थांबायचं नाही. भिंतीला हात न लावता तिच्या अलीकडूनच वळायचं, म्हणजे फुकटची विश्रांती बंद. दर सात-आठ हातांनंतर मगरीसारखे फक्त डोळे वर काढून समोर बघायचं. आणि गंमत म्हणजे, मोकळ्या पट्ट्यात डोळे मिटून सहा हात मारून बघा... आपण सरळ पोहतो हा गैरसमज तिथेच दूर होतो. मी दर वेळी डावीकडे जाते. समुद्रात हे कळलं असतं तर कारवारलाच पोचले असते!

मग गेल्या डिसेंबरात मालवण गाठलं. तिथे चिवला बीचवर सागरी जलतरण स्पर्धा भरते. मी छोट्या अंतराच्या गटात नाव दिलं. आईला सांगितलं तेव्हा वाटलं, आता रामायण होणार. तिने फक्त विचारलं, ‘काठावर कोण असेल?’ मी यादी सांगितली. होड्या, जीवरक्षक, नंबराच्या टोप्या, आत किती गेले आणि बाहेर किती आले ते मोजणारी माणसं. ती म्हणाली, ‘मग मीपण येते.’

समुद्रातली पहिली पाच मिनिटं भयानक होती. खारं पाणी, कुणाची तरी टाच माझ्या गॉगलवर, लाटेमुळे पुढची खूण दिसेना. छाती पुन्हा भरून आली, अगदी त्या पहिल्या दिवसासारखी. मी पाठीवर झाले. आकाश बघितलं. पंधरा-वीस हातांवर होडी होती, होडीतल्या दादाने अंगठा वर करून ‘ठीक?’ असं विचारलं. मी उलटी झाले आणि बुडबुडे सोडले. एक, दोन, तीन... पुढचं सगळं अंतर बुडबुड्यांवर काढलं.

बाहेर आले तेव्हा वाळूत आई उभी होती, घरचा जुना पंचा घेऊन. साडीचा काठ भिजलेला. म्हणजे तीसुद्धा पाण्यात उतरली होती, घोट्यापर्यंत का होईना! माझा नंबर कितवा आला हे तिने विचारलं नाही. मीही सांगितला नाही. सांगण्यासारखा नव्हताच.

आता गोवा जवळ आलंय. सिंहगडाचा घाट आता एका दमात होतो. ७० मिनिटांत समुद्रातून बाहेर येईन की नाही, ते तेव्हाच कळेल. पण पुण्यात सरावाला जागा आहे का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. भरपूर आहे. फक्त तिथे कधी जायचं आणि काठावर कोण असेल, एवढं आधी ठरवा.

गोव्याची तिकिटं काढलीत. दोन. पंचा आईने आत्ताच बॅगेत भरलाय.

निघण्याआधी एवढं वाचा...

● एकदम आयर्नमॅनच्या मागे लागू नका. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं ही ‘स्प्रिंट’ स्पर्धा सुरुवातीला झक्कास.

● महागड्या सायकलची घाई नको. माझे पहिले सहा महिने साध्या हायब्रिडवर गेले. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि पंक्चर काढायचं सामान मात्र पहिल्या दिवसापासून.

● पानशेत रोड, सिंहगड घाट... कुठेही जा, पण उजाडता उजाडता निघा आणि गर्दीच्या आत परत या. शनिवार-रविवारी सिंहगडाचा घाट गाड्यांनी भरून जातो. पावसाळ्यात दरडी कोसळतात, घाट कधी कधी बंदही असतो. आधी चौकशी करा.

● टेकडीवर एकट्याने, अंधारात नको. मोबाइल जवळ आणि रस्ता घरी सांगितलेला असू द्या.

● धरण, खाण, नदीचा डोह... पोहता कितीही येवो, उतरायचं नाही. उघड्या पाण्याचा सराव फक्त होडी आणि जीवरक्षक असतील तिथेच.

● दीर्घ खंडानंतर व्यायाम सुरू करताय? आधी डॉक्टरांना भेटा. आणि छातीत काही वेगळं वाटलं तर ‘होईल ठीक’ म्हणत पेडल मारत राहू नका.